मेजावरील मायायुद्ध

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. एका शनिवारीं शाळा सुटल्यावर एक पालक शिक्षकांच्या खोलींत आले आणि ओली छत्री कोपऱ्यांत ठेवून त्यांनीं एकदमच विचारलें, "सर, आपल्या शाळेंतील मुलें जादूटोणा शिकत आहेत काय?" त्यांच्या चिरंजीवांच्या दप्तरांत त्यांस एक वही सांपडली होती. तींत "प्रतिमा तीन, शत्रूचा नेम चुकतो", "भिंत खोटी, पण दिसावयास खरी" अशीं वाक्यें लिहिलेलीं असून समासांत शिंगें असलेल्या राक्षसांचीं चित्रें काढलेलीं होतीं. मुलास विचारतां तो "खेळ आहे, बाबा" एवढेंच म्हणाला. तेवढ्यानें त्या गृहस्थांचें समाधान झालें नाहीं. मुलगा कांहीं अभद्र शिकत आहे, कीं नुसतें खोटें बोलावयास शिकत आहे, हें त्यांस कळेना. बापाच्या काळजीस हंसून तिची वाट लावणें शिक्षकास शोभत नाहीं. "आम्ही स्वतः जाऊन पाहूं आणि मग सांगूं," असें म्हणून आम्हीं त्यांस निरोप दिला. जें पाहिलें तें इतर पालकांस व विद्यार्थ्यांस कळावें, म्हणून हा लेख.

हा खेळ महालांत, एका विद्यार्थ्याच्या जुन्या वाड्याच्या माडीवर, दर शनिवारीं दुपारीं चालतो. आम्ही लागोपाठ चार शनिवार तेथें जाऊन बसलों. सागवानी खांब, अरुंद जिना, मध्यें एक लांब मेज, त्यावर चौकटी आंखलेला कागदी पट, पटावर सोंगट्या, आणि भोंवतीं सहा मुलें. घरच्या आजी मधून मधून जिना चढून येत, तर्री घातलेल्या पोह्यांच्या बशा ठेवीत आणि "मास्तर, हीं पोरं लढतात कधीं नि जेवतात कधीं, कांहीं समजत नाहीं बाई," असें म्हणून परत जात. मेजाच्या टोकाशीं, उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशाआड, त्या तक्रार करणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव बसलेले होते. आम्हांस त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली.

खेळाचें नांव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. प्रत्येक गडी एकेक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक मुलगा मात्र असें पात्र घेत नाहीं. तो सूत्रधार होतो. भूमि, हवामान, राक्षस, शत्रु, सर्व त्याच्या हातीं. गडी म्हणतो, "मी पूल ओलांडतों". पुढें काय झालें तें सूत्रधार सांगतो. जेथें फळ अनिश्चित, तेथें वीस पैलूंचा फांसा टाकावयाचा आणि जें दान पडेल तें निमूटपणें मानावयाचें. युद्ध सुरू झालें म्हणजे काळाचे लहान लहान तुकडे पाडतात. एक फेरी म्हणजे खेळांतील सहा सेकंद. प्रत्येक फेरींत प्रत्येकाची एक पाळी, आणि पाळीस मुख्य कृति एकच: वार करा, मंत्र म्हणा, किंवा थांबून नीट निरखून पाहा. ही "एकच कृति" वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

सूत्रधार हवाच कशाला, असें कोणी विचारील. बुद्धिबळ हाही युद्धाचाच खेळ, आणि त्याचा उगम आपल्याच देशांतला. परंतु बुद्धिबळांत माया संभवत नाहीं. दोन्ही सैन्यें दोघांही खेळाडूंस सारखींच दिसतात. खऱ्या उंटाशेजारीं एक खोटा उंट उभा करण्याची तेथें सोय नाहीं. युद्धाच्या खेळांत "न दिसणें" आणलें तें प्रशियांतील फॉन राइसविट्झ या पितापुत्रांनीं. पित्यानें आपला खेळ १८१२ सालीं तेथील राजास दाखविला, आणि पुत्रानें १८२४ सालीं त्याचे सुधारलेले नियम छापून काढले. त्यांत एक पंच असे. दोन्ही पक्ष आपापले हुकूम त्यास लिहून देत, आणि प्रत्यक्ष रणांगणावर ज्या तुकड्या दृष्टीस पडल्या असत्या तेवढ्याच तो पटावर मांडी. एकानें सर्व जाणावें आणि बाकीच्यांनीं थोडेंच जाणावें, अशी रचना झाल्यानंतरच मेजावर कोणास फसविणें शक्य झालें. आजचा सूत्रधार हा त्या पंचाचाच वंशज होय.

आतां मायेकडे वळूं. अग्नीचा मंत्र म्हटला तर शत्रु भाजतो, आणि किती भाजला तें फांसे सांगतात. मायेनें उभी केलेली आग कोणास भाजीत नाहीं, कारण ती आगच नव्हे. मग युद्धांत तिचा उपयोग काय? १९७४ च्या मूळ पुस्तकांत याचें उत्तर असें होतें कीं, पाहणाऱ्यानें तें दृश्य खरें मानलें तर त्यापासून होणारी इजाही खरी धरावी. हें उत्तर चमत्कारिक खरें, पण वादास त्यांत फार जागा राही. कारण राक्षसानें खरें मानलें कीं नाहीं, हें ठरवावें कशावरून? पुढें नियम हळूहळू बांधले गेले. १९७५ सालीं एका नियतकालिकांत केवळ मायाविद्येंत निपुण अशा मांत्रिकाचा निराळा वर्ग प्रथम छापला गेला, आणि १९७८ च्या नियमग्रंथांत त्यास कायमचें स्थान मिळालें. आमच्या मुलांपाशीं २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीचें पुस्तक आहे. २०२४ सालीं तिची सुधारणा निघाली असून कांहीं आंकडे बदलले आहेत. खालीं दिलेले आंकडे मुलांच्या पुस्तकांतील समजावे.

युद्धांत उपयोगी पडणारी माया, आम्हांस समजली त्याप्रमाणें, तीन प्रकारची आहे.

पहिली, शत्रूचा नेम चुकविणारी. हिचें उत्तम उदाहरण म्हणजे प्रतिबिंबांचा मंत्र, ज्यास पुस्तकांत मिरर इमेज म्हटलें आहे. मांत्रिकाभोंवतीं हुबेहूब त्याच्यासारख्या तीन प्रतिमा उभ्या राहतात व त्याच्याबरोबर हलतात. शत्रूनें वार केला म्हणजे तो कोणावर गेला हें वीस पैलूंच्या फांशानें ठरवितात. तीन प्रतिमा असतां ६ किंवा अधिक पडल्यास वार प्रतिमेकडे वळतो, म्हणजे विसांत पंधरा वेळां. दोन उरल्या असतां ८ किंवा अधिक, म्हणजे विसांत तेरा वेळां. एकच उरली असतां ११ किंवा अधिक, म्हणजे विसांत दहा वेळां. वार लागला कीं ती प्रतिमा नाहींशी होते. मंत्र एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या, टिकतो. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं येथें पाहावें कीं, प्रतिमा कोणाचा केसही वांकडा करीत नाहीं. तथापि तिन्ही प्रतिमा फुटेपर्यंत शत्रूचे निदान तीन वार फुकट गेलेले असतात. तिची मर्यादाही उघड आहे. जो प्राणी डोळ्यांवर अवलंबून नाहीं, त्यास प्रतिमा फसवूं शकत नाहींत. डोळे मिटून वार करणारासही त्या फसवीत नाहींत. मात्र आंधळा वार करणाऱ्यास दोन फांसे टाकून त्यांतील कमी दान घ्यावें लागतें. म्हणजे फसवणुकींतून सुटण्यासही कांहीं मोल द्यावेंच लागतें.

दुसरी माया जागेंत उभी राहणारी, सर्वांस सारखी दिसणारी. सायलेंट इमेज, म्हणजे मूक दृश्य, हा तिचा साधा मंत्र. ६० फुटांच्या आंत, लांबी, रुंदी व उंची प्रत्येकीं १५ फूट एवढ्या जागेंत मावेल अशी कोणतीही वस्तु किंवा प्राणी मांत्रिक दाखवूं शकतो. तीस आवाज नाहीं, वास नाहीं, ऊब नाहीं. ती दहा मिनिटांपर्यंत टिकते, पण मांत्रिकाचें अवधान तींत गुंतून राहतें. अवधान मोडेल असा दुसरा मंत्र त्यास घेतां येत नाहीं, आणि अंगावर घाव बसला तर अवधान राहिलें कीं गेलें तें फांसा टाकून पाहावें लागतें.

या मायेचा प्रयोग आम्हीं दुसऱ्या शनिवारीं पाहिला. त्या दिवशीं मुलांनीं पटावर सीताबर्डीच्या दोन टेकड्या आंखल्या होत्या. महालांतून ती जागा पायीं अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. तेथें २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं अप्पासाहेब भोंसल्यांचें सैन्य व रेसिडेंट जेन्किन्स याच्या बाजूची इंग्रजी फौज यांची लढाई झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट होऊन गोंधळ उडाला असतां अप्पासाहेबांच्या अरब शिपायांनीं लहान टेकडी घेतली, आणि मोठी टेकडी राहते कीं जाते अशी वेळ आली. पुढें इंग्रजांच्या घोडदळाच्या हल्ल्यानें लढाईचें पारडें फिरलें. मुलांच्या डावांत अरबही नव्हते आणि इंग्रजही नव्हते. मोठ्या टेकडीवर त्यांचीं पांच पात्रें होतीं, आणि लहान टेकडीवरून तीन राक्षस खालीं उतरून त्यांच्यावर चालून येत होते.

मांत्रिकाचें पात्र घेतलेल्या मुलानें टेकडीवर चढणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशीं बाभळीच्या काट्यांचें उंच कुंपण उभें केलें. दगडी भिंत कां नाहीं केलीस, असें आम्हीं त्यास विचारलें. तो म्हणाला, "सर, भिंतीवर चढायला राक्षस हात टेकणार, आणि हात आरपार गेला कीं सगळं फुटलं. आग केली तर तिची झळ लागत नाहीं, तडतड ऐकूं येत नाहीं. कांट्यांना आपणहून कोण हात लावतो?" एवढ्या उत्तरांत मायाविद्येचें अर्धें शास्त्र आलें. खोटी वस्तु अशी निवडावी कीं, तीस हात लावण्याची कोणास इच्छाच होऊं नये, आणि त्या ठिकाणीं ती असावी यांत कोणास नवल वाटूं नये.

आतां राक्षसापुढें तीन मार्ग राहिले. वळसा घेऊन जावें, तर वेळ जातो. कुंपणांत सरळ घुसावें, तर माया फुटते. पण कांटे खरे आहेत असें समजणारा तें करीत नाहीं. किंवा थांबून, आपली एकमेव कृति खर्चून, कुंपण नीट निरखावें. निरखण्याचा हिशेब असा: मूळ ८, त्यांत मांत्रिकाच्या अनुभवाचे २ आणि बुद्धीचे ३ मिळवून कसोटीचा आंकडा १३ झाला. राक्षस मंदबुद्धि, म्हणून त्याच्या दानांतून ३ वजा होतात. तेव्हां फांशावर १६ किंवा अधिक पडेल तरच त्यास खरें कळणार; म्हणजे विसांत पांच वेळां, सरासरीनें चार प्रयत्नांत एकदां. तोंवर वरून बाण येतच असतात.

त्या दिवशीं राक्षसास मात्र निरखण्याचे श्रम पडले नाहींत. आपल्याच पक्षाच्या धनुर्धाऱ्यानें घाईघाईनें त्या कुंपणांतूनच बाण सोडला. बाण एक पानही न हलवितां बाहेर आला, आणि तिन्ही राक्षसांस सर्व उमगलें. माया शत्रूच्या शहाणपणानें फुटते, त्याहून अधिक वेळां ती सोबत्याच्या उतावळेपणानें फुटते, असें आम्हांस पुढील शनिवारींही आढळून आलें.

तिसरी माया एकट्या शत्रूच्या मनांत उभी राहणारी. फँटॅझमल फोर्स या मंत्रानें एकाच प्राण्याच्या मनांत एक खोटें दृश्य उत्पन्न होतें; इतरांस कांहीं दिसत नाहीं. हिला आवाज, वास, स्पर्श, सर्व कांहीं असतें, आणि मंत्र लागूं होतो कीं नाहीं हें शत्रूच्या बुद्धीच्या कसोटीनें ठरतें. आमच्या मुलांनीं एका राक्षसाच्या डोक्यावर मधमाश्यांचें मोहोळ फोडलें. त्याच्या सोबत्यास एकही माशी दिसेना. परंतु गंमत अशी कीं, फसलेला प्राणी स्वतःच्या फसण्यास स्वतःच कारणें शोधून देतो. हात फिरविला आणि माशी लागली नाहीं, तर "उडाली असेल" असें तो म्हणतो. दर फेरीस सहा पैलूंच्या फांशावर पडेल तेवढीच इजा त्यास होते, म्हणजे फार नव्हे. पण त्या माश्यांच्या नादांत तो लढाई विसरतो, हा खरा लाभ.

तिन्ही प्रकार जवळजवळ ठेवून पाहिले म्हणजे एकच गोष्ट दिसते. तलवार शत्रूचें रक्त घेते. माया मुख्यत्वें त्याचा वेळ घेते. सहा सेकंदांत एकच कृति मिळत असतां ती प्रतिमेवर वार करण्यांत, कुंपण निरखण्यांत किंवा नसलेल्या माश्या हांकण्यांत गेली, तर ती परत येत नाहीं.

हें तत्त्व परदेशांतील खेळकर्त्यांनीं नव्यानें शोधून काढलें असें कोणी समजूं नये. वाल्मीकीच्या युद्धकांडांत इंद्रजितानें मायेची सीता रथांत बसवून हनुमंताच्या डोळ्यांदेखत तिचा वध केला. वानरसेना शोकांत बुडाली, आणि श्रीराम स्वतः मूर्च्छित पडले. इंद्रजिताचा हेतु काय होता? निकुंभिलेस जाऊन होम पुरा करण्यापुरता त्यास वेळ हवा होता. ही माया फोडली बिभीषणानें, आणि तीही डोळ्यांनीं निरखून नव्हे. रावणाचें मन त्यास ठाऊक होतें, म्हणून सीतेचा वध होणें शक्य नाहीं असें त्यानें अनुमान केलें. जुन्या करारांतील गिदोनाची गोष्टही आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. तीनशें माणसांनीं रात्रीं मडकीं फोडून दिवट्या दाखविल्या व रणशिंगें फुंकलीं, आणि मिद्यानी छावणींतील लोक एकमेकांवरच तलवार चालवूं लागले.

आणि महाराष्ट्राच्या इतिहासास तर या विद्येचें पाठ्यपुस्तकच म्हणावें. १६६३ च्या एप्रिलांत पुण्यास लाल महालांत शाइस्तेखानावर छापा घातल्यानंतर, पाठलाग करणारांस चुकविण्यासाठीं कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांस पलिते बांधून सोडले होते, अशी आख्यायिका आहे. दिवे खरे, पण त्यांच्यामागें सैन्य नव्हतें. १६६६ च्या ऑगस्टांत शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हां हिरोजी फर्जंद त्यांच्या पलंगावर अंगावर पांघरूण घेऊन निजला व बोटांतील आंगठी दिसेल असा एक हात त्यानें बाहेर ठेवला, असें परंपरा सांगते. पहारेकरी डोकावले, हात पाहिला आणि गेले. जवळ जाऊन निरखण्याची कृति कोणीं खर्च केली नाहीं. आजारी माणसाचें पांघरूण कोण ओढतो? बाभळीच्या कुंपणाचें जें मर्म, तेंच या पांघरुणाचें.

दूर जावयाचें तर दुसऱ्या महायुद्धाचें उदाहरण आहे. १९४४ सालीं फ्रान्सांत अमेरिकेची एक सुमारें अकराशें माणसांची तुकडी होती. तिच्यापाशीं रबराचे फुगविलेले रणगाडे होते, आणि मोठाल्या ध्वनिक्षेपकांवरून ती खऱ्या रणगाड्यांच्या घरघरीच्या ध्वनिमुद्रिका वाजवी. मुलांच्या भाषेंत सांगावयाचें तर ही मूक दृश्याच्या वरची पायरी झाली. दृश्यास आवाजाची जोड मिळाली. भूतसेना हें नांव त्या तुकडीस पुढें पडलें. जेथें थोडे होते तेथें पुष्कळ आहेत असें शत्रूस वाटावें, एवढेंच तिचें काम.

हीं उदाहरणें आम्हीं तिसऱ्या शनिवारीं मुलांस सांगितलीं. तीं ऐकून मुलें हंसलीं, टाळ्या पिटूं लागलीं. तेव्हां आम्हीं त्यांस आणखी एक सांगितलें. जुलै १६६० मध्यें सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. त्या रात्रीं शिवा काशीद हा महाराजांसारखा वेष करून दुसऱ्या पालखींत बसला. शत्रूनें ती पालखी पकडली, आणि खरा प्रकार उघडकीस येईपर्यंत जो वेळ गेला, तो महाराजांस मिळाला. शिवा काशीद मारला गेला. पुढें घोडखिंडींत बाजीप्रभूंनीं प्राण देऊन जें मिळविलें, तोही वेळच. खेळांतील प्रतिमा फुटली म्हणजे ती कागदावरून पुसली कीं संपलें. पन्हाळ्याची प्रतिमा रक्तमांसाची होती. मेजाभोंवतीं कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग एका मुलानें हलक्या आवाजांत विचारलें, "सर, पकडल्यावर काय होणार हें त्याला ठाऊक होतं?" आम्ही म्हणालों, "ठाऊक असल्यावांचून त्या पालखींत कोण बसेल?"

आतां चौथ्या शनिवारची हकीकत, आणि पालकांच्या प्रश्नाचें उत्तर.

मायेच्या खेळांत एक अडचण आहे, ती वाचकांच्या लक्षांत आलीच असेल. राक्षस फसावयाचा, पण राक्षस चालविणारा मुलगा फसलेला नसतो. कुंपण खोटें आहे हें त्यानें आपल्या कानांनीं ऐकलेलें असतें. तरीही त्यानें राक्षसास अज्ञानी ठेवावयाचें, आणि जें फांसा सांगेल तेंच त्यास कळूं द्यावयाचें. सूत्रधार अप्रामाणिक असेल तर कोणतीही माया क्षणभर टिकणार नाहीं. उलट त्यास मित्राची दया आली, तर कोणतीही माया कधीं फुटणारच नाहीं. दोन्ही प्रकारांत खेळ संपलाच.

त्या दिवशीं मांत्रिकाचें पात्र घायाळ होऊन एका खोट्या खडकाच्या आंत लपलें होतें. मांत्रिक खेळणारा मुलगा सूत्रधाराच्या बाकावरचा सोबती. तें पात्र त्यानें वर्षाहून अधिक काळ जोपासलेलें. राक्षस थांबला आणि खडक निरखूं लागला. सूत्रधारानें पुठ्ठ्याच्या आडोशाआड फांसा टाकला. तो आम्हांस दिसला, आणि सूत्रधारास दिसला. आणखी कोणास दिसणें शक्य नव्हतें. अठरा. तीन वजा जातां पंधरा, कसोटी तेराची. मुलानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं खिडकीबाहेर पावसाकडे पाहिलें. दोन-तीन क्षण गेले असतील. "राक्षसाला खडक पारदर्शक दिसूं लागला," तो म्हणाला, "आणि तो सोबत्याला हांक मारतो आहे."

पुढील फेरींत पात्र पडलें. प्राण राखण्यासाठीं टाकलेलीं तिन्ही दानें एकामागून एक हुकलीं, आणि पात्र मेलें. मित्रानें पेन्सिल आपटली व तो उठून जिना उतरून गेला. डाव थांबला. दहा मिनिटांनीं तो परत आला, तो दोन्ही हातांत आजींच्या पोह्यांच्या बशा घेऊन. बशा ठेवून त्यानें सूत्रधारास विचारलें, "किती पडले होते?" "अठरा." "दाखव." सूत्रधारानें पुठ्ठा उचलून बाजूस केला. फांसा अजून तसाच पडलेला होता. त्यानें तो हलविला नव्हता. मित्रानें वांकून पाहिलें, मग एक कोरा कागद ओढून त्यावर नव्या पात्राचें नांव लिहावयास घेतलें.

अमेरिकेंतही १९८० नंतरच्या दशकांत कांहीं पालकांनीं व धर्मोपदेशकांनीं या खेळाविरुद्ध ओरड केली होती, कीं यांतून मुलें मंत्रतंत्राकडे वळतील. आम्हीं चार शनिवारांत मंत्रतंत्र शोधला, तो आम्हांस सांपडला नाहीं. वही, पेन्सिल, फांसे, बेरीज व वजाबाकी एवढेंच सांपडलें. खोटें बोलणें आणि माया रचणें यांतील भेदही तेथें स्पष्ट दिसला. खोटें बोलणारा ऐकणाराच्या नकळत त्यास फसवितो. येथें मायाकार आपली माया मेजाभोंवतीं सर्वांस मोठ्यानें सांगतो. फसतो तो कागदावरचा राक्षस, आणि त्यासही न्याय मिळावा म्हणून एक मुलगा आपल्या मित्राविरुद्ध उभा राहतो.

एक दोष मात्र सांगितला पाहिजे. माया शत्रूचा वेळ घेते असें वर म्हटलें. ती खेळणारांचाही वेळ घेते. एकेक डाव चार चार तास चालतो, आणि दहावीच्या मुलांस ते तास जड आहेत. सहामाही परीक्षा जवळ आली कीं पट गुंडाळून ठेवावा, असें आम्हीं मुलांस सांगितलें, व त्यांनीं तें मान्य केलें आहे.

ते गृहस्थ पुन्हां आले तेव्हां आम्हीं त्यांस हें सर्व सांगितलें. कुंपणाचा हिशेब त्यांनीं दोनदां विचारून घेतला. अठराच्या दानाची गोष्ट सांगितली, तेव्हां ते बराच वेळ वहीचीं पानें चाळीत राहिले.

"अठरा पडले तें त्यानं खरंच सांगितलं?" त्यांनीं विचारलें.

"आम्ही शेजारींच बसलों होतों," आम्ही म्हणालों.

"घरीं कांहीं बोलला नाहीं."

"त्यांत सांगण्यासारखें कांहीं आहे असें त्यास वाटलें नसावें."

त्यांनीं वही पिशवींत घातली, छत्री उचलली आणि "संध्याकाळीं त्याची त्याला परत देतों," असें म्हणून ते निघाले.